बोट उलटली तर परत सरळ होते का?



मी निवृत्त फौजी. ईएमई कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात, नोकरी झाली. आता सिकंदराबादला स्थायिक आहे. माझ्या आयुष्यात शीड आलं ते समुद्रावर नाही, हुसेनसागर तलावात. तरुण कॅप्टन असताना तिथे एंटरप्राइज वर्गाची होडी चालवायला शिकलो. सव्वातेरा फुटांची, दोन माणसांची, निळ्या शिडांची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आरेखकाने ती 1956 साली काढली. या होडीला तळाशी वजन नसतं. तिचं वजन म्हणजे आपण दोघं. वारा वाढला की काठावर बसून अंग बाहेर झोकून द्यायचं. पहिल्याच आठवड्यात मी चार वेळा तलावात पडलो.

आजचा विषय आहे शिडाच्या बोटींची तुलना कशी करायची. बोट घेणारे तुमच्यापैकी थोडेच असतील. पण घर, गाडी, शेतावरचा पंप, काहीही घेताना आपण माहितीपत्रकातले आकडे शेजारी शेजारी मांडतो. मी तेच केलं आणि त्यात वर्षभर चुकलो. ती चूक सांगायला आलोय.

निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे हातात आले. ठरवलं, एक जुनी समुद्री बोट घ्यायची. संगणकावर तक्ता केला. तेवीस मॉडेलं, अठरा रकाने. एकूण लांबी, पाण्याच्या पातळीवरची लांबी, रुंदी, पाण्याखालची खोली, वजन, तळाच्या कीलमधलं वजन, शिडांचं क्षेत्रफळ, इंजिन, बिछाने किती, पाण्याची टाकी केवढी. रोज रात्री जेवण झालं की मी तक्त्यासमोर.

एका रात्री पत्नी चहा घेऊन आली. तिला पोहता येत नाही. तक्त्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "अहो, यातली कुठली बोट उलटली तर परत सरळ होते?"

अठरा रकान्यांत त्याचं उत्तर नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं की मी काय विसरलो होतो. फौजेत अधिकाऱ्याला 'अप्रिसिएशन' करायला शिकवतात. कुठल्याही कामगिरीचा विचार चार पायऱ्यांनी. आधी उद्दिष्ट, मग परिस्थितीतले घटक, मग उपलब्ध मार्ग, शेवटी योजना. मी थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारली होती. उद्दिष्टाची ओळ कोरी होती.

आता आकड्यांकडे येऊ. उदाहरणाला तिघीच घेतो. काँटेसा 32 ही इंग्लंडची, डेव्हिड सॅडलर यांची. कॅटालिना 30 ही अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची, सहा हजारांवर बनलेली. आणि जे 24 ही चोवीस फुटी शर्यतीची बोट.

सगळ्यांची नजर आधी वेगावर जाते. माझीही गेली. कीलवाली जड बोट साधारणपणे जास्तीत जास्त किती पळेल हे पाण्याच्या पातळीवरच्या लांबीवरून निघतं. त्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. काँटेसाची ही लांबी 24 फूट, म्हणजे 6.56 नॉट. कॅटालिनाची 25 फूट, म्हणजे 6.7. फरक ताशी पाव किलोमीटर! या पाव किलोमीटरसाठी मी महिनाभर जागलो होतो.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे. ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत येण्याची शर्यत होती. 303 बोटी निघाल्या. वाटेत वादळाने गाठलं. शर्यतीतले 15 खलाशी गेले. चोवीस बोटी खलाशांनी सोडून दिल्या, पाच बुडाल्या. सर्वांत लहान बोटींच्या गटातली एकच बोट शर्यत पूर्ण करू शकली. ती काँटेसा 32 होती.

नंतर चौकशी झाली. काँटेसाची तुलना त्याच शर्यतीत उलटलेल्या ग्रिमाल्किन नावाच्या बोटीशी केली गेली. बोट एका बाजूला कलंडत जाते, तेव्हा एका कोनापर्यंत ती स्वतःहून सरळ व्हायला बघते. तो कोन ओलांडला की उलटी होण्याकडे झुकते. ग्रिमाल्किनचा हा कोन सुमारे 117 अंश, काँटेसाचा सुमारे 155. पूर्ण उलटी म्हणजे 180. म्हणजे उलट्या अवस्थेतून काँटेसाला पंचवीस अंश ढकललं की पुढचं काम ती स्वतः करते. एखादी लाट तेवढं करते. दुसरीला त्रेसष्ट अंश ढकलावं लागतं, आणि तोवर आत माणसं पाण्याखाली असतात.

हा कोन माहितीपत्रकात क्वचितच छापतात. म्हणून फास्टनेटनंतर अमेरिकेत एक सोपं सूत्र निघालं. बोटीचं वजन पौंडांत घ्या, 64 ने भागा, कारण एक घनफूट समुद्राचं पाणी 64 पौंडांचं. आलेल्या उत्तराचं घनमूळ काढा. बोटीची फुटांतली रुंदी त्या घनमुळाने भागा. उत्तर 2 किंवा कमी आलं तर बोट खोल समुद्राच्या विचाराला पात्र.

काँटेसा रुंदीला साडेनऊ फूट, वजन 9,500 पौंड. उत्तर 1.79. कॅटालिना रुंदीला 10 फूट 10 इंच, वजन 10,200 पौंड. उत्तर बरोबर 2, उंबरठ्यावर. जे 24 सुमारे नऊ फूट रुंद, वजन 3,100 पौंड. उत्तर 2.45. ती बंदराजवळ शर्यतीसाठीच केलेली आहे, त्यात तिचा दोष नाही.

मी खूश झालो. तक्त्यात एकोणिसावा रकाना घातला. मग रात्री झोप लागेना. या सूत्रात फक्त रुंदी आणि वजन आहे. वजन कुठे आहे, हे कुठेच नाही! कीलमधलं शिसं काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलं, तरी उत्तर तेच येईल. सामान छपरावर रचलं तर एकूण वजन वाढतं, आणि सूत्र म्हणतं बोट सुधारली. म्हणून हे सूत्र चाळणी म्हणून वापरा. खडे निघतील. भात शिजेल की नाही ते चाळणी सांगत नाही. त्यासाठी त्या बोटीचा स्थिरतेचा आलेख मागायचा. विकणारा तो देत नसेल, तर तीही एक माहितीच.

दुसरी गोष्ट, छापलेलं वजन बहुधा रिकाम्या बोटीचं असतं. दोन माणसं, दोनशे लिटर पाणी, डिझेल, नांगर आणि साखळी, शिधा, हत्यारं. अर्धा टन सहज होतो. फौजेत आम्ही ट्रकची क्षमता कागदावर वाचायचो आणि चढावर अनुभवायचो, तसंच हे.

तिसरी गोष्ट, रुंद बोट वाईट नसते. हुसेनसागरात शिकलेली गोष्ट सांगतो. रुंद होडीत पाय ठेवला की ती हलत नाही, आणि नवख्याला वाटतं ही सुरक्षित. अरुंद होडी लगेच झुकते आणि भीती वाटते. पण पहिलं झुकणं वेगळं आणि शेवटचं उलटणं वेगळं. काँटेसा झुकून चालते, पाणी अंगावर घेते, आत उभं राहायला जागा कमी. कॅटालिनात संसार मांडता येतो. एकीने वादळासाठी जागा सोडली, दुसरीने सुट्टीसाठी जागा घेतली.

आणि भक्कम बोटही हमी देत नाही. आपले कमांडर अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 'थुरिया' घेऊन निघाले होते. जुन्या धाटणीची, गोव्यात बांधलेली बोट. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, परत सरळ झाली, पण डोलकाठी गेली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढच्या वेळी रस्टलर 36 घेऊन हेच गृहस्थ 2023 मध्ये दुसरे आले. बोट सरळ झाली म्हणून माणूस वाचला, पण तिने त्यांना घरी आणलं नाही. घरी आणण्यात तयारी, संदेशयंत्रणा आणि माणसं लागली.

मग मी उद्दिष्टाची ओळ भरली. साठी ओलांडलेली दोन माणसं. ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात नाही. मुंबई ते गोवा, दिवसा चालायचं, रात्री खाडीत किंवा बंदरात. बस, एवढंच.

ओळ लिहिली आणि तक्ता आपोआप बदलला. महासागर पार करणाऱ्या बोटी गळल्या. त्या चांगल्याच आहेत, पण माझ्या कामाच्या नाहीत. जिच्याकडे मी दुर्लक्ष केलं होतं ती पाण्याखालची खोली वर आली. काँटेसाला साडेपाच फूट पाणी लागतं. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीचा फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे. संध्याकाळी तरंगणारी बोट पहाटे चिखलात आडवी. मग आला वारा आत येण्याचा प्रश्न, कारण थंड देशातली बोट ऊब धरून ठेवायला बनवतात. आणि शेवटी, मी पाण्यात पडलो तर पत्नीला एकटीला शीड उतरवून मला वर घेता येईल का? हा रकाना कुठल्याच माहितीपत्रकात नाही. तो किनाऱ्याजवळ, शांत दिवशी, प्रत्यक्ष करून भरावा लागतो.

आम्ही तो भरला. दुसऱ्यांच्या बोटीवर एक पूर्ण हंगाम घालवला. पहिल्या वेळी तिला मला वर घ्यायला जमलं नाही. चौथ्या वेळी जमलं, दोरीची शिडी आणि कप्पीच्या मदतीने. त्यानंतर दोन जुन्या सोबत्यांबरोबर एका पंचवीस फुटी जुन्या बोटीत तिसरा हिस्सा घेतला. खाडीत चालेल अशी उथळ. घेण्याआधी ती पाण्याबाहेर काढून जाणकाराकडून तपासून घेतली. कीलचे बोल्ट गंजलेले निघाले. ते बदलले, तेवढी किंमत कमी करून घेतली. आकड्यांच्या तक्त्यात गंज दिसत नाही.

पत्नी आता पोहायला शिकते आहे. आपणहून.

तर मंडळी, तुलना जरूर करा, तक्ते करा. पण पहिल्या रकान्याच्या आधी एक ओळ लिहा. मला ही वस्तू कुठे, कधी, कोणासाठी हवी आहे? आणि तो तक्ता घरातल्या अशा माणसाला दाखवा, जो तुमच्या बोटीत बसणार आहे पण ज्याला आकड्यांचं कौतुक नाही. तो विचारेल तो प्रश्न सगळ्यांत वर लिहा.

जय हिंद.