नाव महेश्वरचे, माल कोणाचा?
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



इंदूरच्या जुन्या मराठी घरांत लग्नाच्या याद्या होऊ लागल्या की महेश्वरीचा विषय निघतोच. आमच्या घरीही निघाला. सुनेसाठी हातमागाची म्हणून घेतलेली साडी यंत्रमागाची निघाली. पावतीवर नुसते ‘साडी’ लिहिलेले! तक्रार कशाच्या आधारावर करणार?

पैसे आमचे गेले, पण खरा तोटा महेश्वरच्या विणकराचा झाला. अहिल्यादेवींनी महेश्वरला राजधानी केली आणि विणकर बोलावून तिथे वसवले. पुढे राजाश्रय गेला, माग बंद पडू लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटी स्थापन झाली आणि या कलेने पुन्हा उभारी धरली. त्याच धंद्याला आज नकली माल पोखरतो आहे. हातमागावर एका साडीला कित्येक दिवस लागतात. यंत्रमाग तेवढ्यात ढीग काढतो. तो ढीग हातमागाच्या नावाने विकला गेला की अस्सल साडीचा भाव पडतो, भाव पडला की मजुरी कापली जाते, आणि विणकराचा मुलगा माग सोडून दुसरे काम शोधतो.

यंत्रमागाशी आपले भांडण नाही. त्यावरही कोणाचे तरी पोट चालते. तो माल त्याच्याच नावाने विकावा, एवढेच म्हणणे आहे.

कायदे आहेत. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखीव ठेवले आहे. महेश्वरच्या साडीची नोंद भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याखाली झालेली आहे. खोटे मानांकन लावणाऱ्यास त्यात ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. पण विणकराने माग चालवायचा की कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? तपासणी शासनानेच केली पाहिजे. मते मागायला जे आपल्या दारी येतील त्यांना विचारा: इंदूरच्या बाजारात अशी तपासणी किती वेळा झाली? खटले किती भरले?

आणि आपणही एक पथ्य पाळू. साडी घेताना हातमागाचे चिन्ह पाहू, पावतीवर ‘हातमाग, महेश्वर’ असे लिहून घेऊ. दुकानदार लिहून द्यायला कचरला, तर साडी तिथेच ठेवून उठू. अहिल्यादेवींच्या तसबिरीला हार घालणाऱ्या आपण मंडळींनी त्यांनी वसवलेल्या विणकरांसाठी एवढे तरी करायलाच हवे.