लागून विझणारा दिवा : जुन्या मोटारींच्या एबीएसचं निदान



मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘एबीएस’ लिहिलेला एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. गाडीला आठ-दहा वर्षं झाली की हाच दिवा कधी पावसात लागतो, कधी घाटात लागतो, आणि गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत विझलेला असतो. मेकॅनिक म्हणतो, “आता तर काहीच दाखवत नाही.” मालकालाही बरं वाटतं आणि तो घरी परततो.

या दिव्यापायी लोकांचं दोन प्रकारे नुकसान होतं. काही जण अंदाजाने पार्ट बदलत हजारो रुपये घालवतात. काही जण दिव्याकडे काणाडोळा करतात आणि ऐन वेळी एबीएस चालेल की नाही याचा भरवसा नसलेली गाडी चालवत राहतात. माझं म्हणणं थोडक्यात असं : अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचीही एक ठरलेली वेळ असते. ती वेळ शोधली की कारण हाती लागतं. कारण हाती लागेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नये.

आधी ही यंत्रणा काय करते ते पाहू. ओल्या रस्त्यावर ब्रेक करकचून दाबला तर चाकं जाम होतात आणि गाडी घसरत पुढे जाते. पुढची चाकं जाम झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. एबीएस नेमकं हेच टाळतं. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. बॉनेटखालचं युनिट चारही चाकांचे वेग सतत ताडून पाहतं. एखादं चाक इतरांपेक्षा झपाट्याने मंदावलं, म्हणजे ते जाम होऊ लागलं, असं युनिट समजतं. मग त्या चाकाच्या ब्रेकचा दाब ते सेकंदात अनेक वेळा सोडतं आणि पुन्हा देतं. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळे. बॉशने तयार केलेली ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा 1978 साली मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत प्रथम विक्रीला आली. भारतात एप्रिल 2019 पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याआधी ती बहुधा वरच्या मॉडेलांतच मिळे. त्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत, आणि हा दिवा त्यांच्यातच सर्वांत जास्त सतावतो.

आता दिव्यांची भाषा. फक्त पिवळा एबीएसचा दिवा लागला, तर साधा हायड्रॉलिक ब्रेक चालू असतो. चाक जाम होण्यापासून वाचवणारी मदत तेवढी बंद असते. अशी गाडी सांभाळून, अंतर राखून गॅरेजपर्यंत नेता येते. पण पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला, तर बाब गंभीर आहे. ब्रेक ऑइल कमी झालं असेल, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी सोयही बंद पडली असेल. मग जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. अशी गाडी चालवू नका. बाजूला घ्या, ब्रेक ऑइलची पातळी पाहा आणि टोइंगवाल्याला बोलवा.

आता निदानाकडे येऊ. एक दिवसाआड ताप येणाऱ्या रुग्णाला डॉक्टर पहिल्यांदा काय विचारतो? ताप कधी चढतो, थंडी वाजून येतो का, किती वेळ राहतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडालाही पहिला प्रश्न ‘कधी?’ हाच असतो. त्याचं उत्तर स्कॅनरकडे नसतं, मालकाकडे असतं. दिवा गाडी सुरू करतानाच लागतो? मग बॅटरी किंवा अर्थिंगवर संशय घ्यायचा. वळताना लागतो? मग चाकापाशी हलणारी वायर किंवा ढिलं झालेलं हब बेअरिंग. पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर लागतो? मग कपलरमध्ये पाणी. सकाळी ठीक असतो आणि इंजिन तापल्यावर लागतो? मग युनिटच्या आतलं सर्किट. आणि दिवा न लागताच, सिग्नलला थांबता थांबता शेवटच्या क्षणी पेडल थरथरत असेल, तर चाकाजवळची दातेरी रिंग किंवा सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट. म्हणून मालकाने दिवा लागला की लगेच चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : वेग, वळण, हवामान आणि इंजिन गार होतं की गरम.

स्कॅनर लावायचाच, पण त्याच्याकडून नेमकं काय मिळतं ते ओळखून. बाजारात मिळणारे स्वस्तातले कोड रीडर बहुधा इंजिनाचे कोड वाचतात. एबीएसचे कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतात आणि त्यांना तिथपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. दुसरं म्हणजे कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं सांगत नाही. ‘पुढचा डावा सेन्सर’ असा कोड आला, तर त्यात सेन्सर, वायर, कपलर, रिंग, बेअरिंग आणि युनिटमधली त्या चाकाची पिन, एवढं सगळं आलं. कोड आधी लिहून ठेवावा आणि मगच पुसावा. नुसता पुसून गाडी परत देणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आणि गाडी चालवत चारही चाकांच्या वेगाचा आलेख पाहावा. गाडी चालवणारा एक आणि स्क्रीन पाहणारा दुसरा असावा. तीन रेषा एकत्र चालतात आणि चौथी मध्येच शून्यावर पडते, तेव्हा चाक कोणतं आणि क्षण कोणता, दोन्ही एकदम कळतं.

एक गाडी सांगतो. घाटरस्त्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाची जुनी हॅचबॅक. दिवा फक्त उजव्या वळणावर लागे. कोड पुढच्या डाव्या सेन्सरचा होता. एका गॅरेजने सेन्सर मीटरवर तपासला, तो ठीक निघाला. मग ‘सेन्सर ठीक, म्हणजे युनिट गेलं’ असा निष्कर्ष काढून त्यांनी एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं. त्यांचं मोजमाप चुकलं नव्हतं. ते फक्त चाक सरळ असताना घेतलं होतं. आम्ही गाडी स्टँडवर चढवली, सेन्सरचा कपलर सुटा केला आणि मीटर लावला. अकराशे ओहम. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं. आकडा नाचला आणि मीटरने सर्किट तुटल्याची खूण दाखवली. सरळ केलं, पुन्हा अकराशे. मग वायर शॉकअब्सॉर्बरच्या क्लिपपाशी दोन बोटांत धरून वाकवली. ज्या जागी आकडा नाहीसा होत होता तिथे वरचं रबर शाबूत होतं, पण आत काहीतरी पोकळ, मऊ लागत होतं. चिरून पाहिलं तर आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं होतं आणि बहुतेक तारा तुटलेल्या होत्या. वळणावर ताण पडला की टोकं दूर जात, सरळ रस्त्यावर पुन्हा भिडत. वायरसकट नवा सेन्सर बसवला, क्लिपा मूळ जागी लावल्या, आणि त्याच वळणांवर गाडी नेऊन आलेख पाहिला. युनिटला कुणी हात लावला नाही.

यातला धडा सरळ आहे. बिघाड ज्या परिस्थितीत येतो, ती परिस्थिती उभी करून मोजायचं. वळणावर येत असेल तर स्टिअरिंग फिरवून, पावसात येत असेल तर कपलरवर पाणी फवारून, गरम झाल्यावर येत असेल तर हॉट एअर गनने बेताने तापवून.

सेन्सर दोन जातींचे असतात आणि कोणता आहे हे आधी ठरवलं पाहिजे. जुन्या जातीत लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. दातेरी रिंग समोरून फिरली की त्यात एसी व्होल्टेज तयार होतं. त्याचा रोध बहुतेक गाड्यांत एक ते दोन हजार ओहमच्या आसपास असतो, आणि डाव्या-उजव्याची तुलना केली की फरक लगेच दिसतो. चाक हाताने फिरवलं तरी मीटरवर थोडं एसी व्होल्टेज दिसायला हवं. नवी जात इलेक्ट्रॉनिक आहे. तिला युनिटकडून वीज मिळते आणि ती सुमारे 7 आणि 14 मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांत खूण पाठवते. तिच्यावर ओहम मोजून काही कळत नाही, उलट ती खराब होऊ शकते. तिथे आधी वीज पोहोचते का ते पाहायचं आणि मग आलेख पाहायचा.

थांबता थांबता पेडल का थरथरतं? जुन्या जातीच्या सेन्सरची खूण वेगाबरोबर कमी होते. सेन्सरच्या टोकावर ब्रेक डिस्कची लोखंडी धूळ चिकटली, किंवा रिंगखाली गंज फुगून ती उचलली गेली, तर हळू वेगात खूण आणखी क्षीण होते. युनिटला वाटतं, चाक जाम झालं, आणि ते ब्रेक सोडतं. सिग्नलला अशी गाडी हातभर पुढे सरकते. समोर माणूस असेल तर तो हातभर फार असतो. ड्राइव्ह शाफ्टवरच्या रिंगला तडा गेला, तर तड्यापाशी दोन दात्यांमधलं अंतर वाढतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात आलेख एकदा दचकतो. म्हणून चाक हळूहळू फिरवत पूर्ण रिंग टॉर्चच्या उजेडात पाहावी. समोर दिसतो तेवढा तुकडा पाहून उठू नये.

नव्या गाड्यांत दातेरी रिंगऐवजी हब बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, आणि ती डोळ्यांना साध्या रबरासारखी दिसते. बेअरिंग उलटं बसवलं तर पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागू लागला, तर पहिला संशय याचाच घ्यावा.

आपल्या हवामानाचाही यात मोठा हात आहे. कोकणातली खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, तांबडा चिखल हे सगळं कपलरच्या पिनांवर आणि रिंगवर उतरतं. आणि उंदीर. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ते आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. तुटलेली वायर पिळून वर टेप गुंडाळली, तर दुसऱ्या पावसात बिघाड परत येतो. जोड सोल्डर करून किंवा योग्य क्रिंप करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी, आणि जोड हलत्या भागात ठेवू नये.

अर्थिंग आणि बॅटरी सगळ्यांत स्वस्त, म्हणून त्यांची तपासणी सगळ्यांत आधी. एबीएसचा पंप चालतो तेव्हा मोठा करंट खेचतो. युनिटची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यात, पंप चालू असताना, एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थचा बोल्ट काढून पत्रा घासून स्वच्छ करावा. ब्रेकच्या पेडलवरचा स्विच, आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत की नाही, हेही दहा मिनिटांत पाहून होतं.

हे सगळं निर्दोष निघालं की मगच युनिट. युनिटमध्येही बिघाड होतो, हे खरं आहे. इंजिनजवळची उष्णता आणि कंपनं यांनी आतल्या सोल्डरला बारीक चिरा पडतात. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या व्होल्व्हो 850 आणि एस70 यांच्या एबीएस मॉड्यूलमधला हा दोष जगभरच्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. हे सोल्डरिंग पुन्हा करून देणारे कुशल कारागीर आज मोठ्या शहरांत आहेत. अनेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक भागापासून वेगळा काढता येतो, म्हणजे ब्रेकची लाइन उघडावी लागत नाही. दुसऱ्या गाडीचं युनिट लावायचं असेल, तर त्याचा नंबर जुळतो का आणि त्याला कोडिंग लागतं का, हे आधी विचारावं.

ब्रेक ऑइलबद्दल थोडंसं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 ऑइल ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत येऊ शकते. ते पाणी युनिटच्या बारीक व्हॉल्व्हांनाही गंज चढवतं. साधारण दर दोन वर्षांनी, किंवा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल त्या मुदतीत, ऑइल बदलावं. एबीएसचं युनिट महाग असतं आणि ऑइलची एक बाटली तशी स्वस्त.

आता एका वाईट प्रथेबद्दल स्पष्ट बोलतो. जुनी गाडी विकताना एबीएसचा बल्ब काढून टाकतात किंवा दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात. हा शेवटी कुणाच्या तरी जिवाशी खेळ आहे. गाडी घेणाऱ्यांनी एक सोपी परीक्षा करावी. किल्ली फिरवा आणि पिवळा दिवा लागतो का ते पाहा. अजिबात लागला नाही, तर व्यवहार थांबवा. लागला, तर तो बाकीच्या दिव्यांबरोबर न विझता स्वतःहून विझतो का ते पाहा. मग मोकळ्या, सुरक्षित जागेत गाडी हळू चालवून अलगद थांबवा आणि पेडलकडे लक्ष द्या.

मेकॅनिक मित्रांना माझी विनंती आहे : मोजल्याशिवाय पार्ट सांगू नका, आणि काढलेला पार्ट मालकाला दाखवा. निदानाला लागलेल्या वेळाची मजुरी मोकळेपणाने मागा. मालकांनो, ती मजुरी कुरकुर न करता द्या, कारण एक तास मोजमाप करणारा माणूस तुमचं युनिटचं बिल वाचवतो. आणि उद्या तो पिवळा दिवा लागला, तर तो विझण्याची वाट पाहू नका. गाडी बाजूला उभी करा, तो कधी लागला ते लिहा, आणि तो कागद घेऊनच गॅरेजमध्ये जा.