ग्रुपवर उत्तर टाकण्याआधी

(टोकावडे येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर. इतिहास माझा दहावीनंतर सुटला. तरी आज अमेरिकेच्या इतिहासावर बोलणार आहे, कारण त्या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती तुमच्यासमोर कबूल करायची आहे.

आपला अभ्यासाचा व्हॉट्सॲप ग्रुप तुम्हाला माहीत आहे. इथून मुरबाडला जायचं तर एसटीची वाट बघायची, कल्याणचा क्लास लावायचा तर दिवस जातो आणि फीही परवडत नाही. म्हणून बी.ए.ची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली रात्री ग्रुपवर एकमेकांना विचारतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास आहे. त्यामुळे वॉशिंग्टन, लिंकन, यादवी युद्ध हे सगळे आपल्या ग्रुपवर येऊन जातात.

एका रात्री प्रश्न आला : अमेरिकेतली गुलामगिरी कधी आणि कशी संपली? मी ऑफिसमधून घरी निघालो होतो, लोकलमध्ये उभा. मोबाइलवर जे पहिलं सापडलं ते टाकलं : ‘१८६३, लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा.’ लगेच अंगठ्यांची रांग लागली. मग एका मुलीने लिहिलं, ‘भाई, १८६३ ला संपली तर १८६५ ला तेरावी घटनादुरुस्ती कशाला करावी लागली?’

कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला. मी लिहिलं, ‘परीक्षेपुरतं एवढं पुरे, विषय वाढवू नका.’ ती गप्प झाली. पुढे दोन महिने तिने काहीच विचारलं नाही. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही, हे मला नंतर कळलं. भावाचा फोन रात्री अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासातून तिने तो प्रश्न विचारला होता.

आणि बरोबर तीच होती. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंड केलेल्या प्रदेशांना लागू होता. केंटकी आणि डेलावेअर ही राज्यं बंडात नव्हती, त्यामुळे तिथे गुलामगिरी चालूच राहिली. बंडखोर राज्यांतही सैन्य पोचेल तिथेच सुटका होत होती. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन शहरात मुक्तीचा हुकूम जाहीर झाला १९ जून १८६५ ला, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांनी. सगळ्या देशात कायद्याने बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या दुरुस्तीला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाल्यावर. माझं एका ओळीचं उत्तर मात्र तोवर कितीतरी वह्यांत उतरलं होतं.

नंतर मी लाजेपोटी थोडं वाचलं. त्यात फ्रेडरिक डग्लस भेटला. गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस पुढे गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता झाला. लहानपणी बाल्टिमोरला मालकिणीने त्याला मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली, पण मालकाने ते बंद पाडलं. मग हा मुलगा काय करायचा? कामाला बाहेर पडताना पुस्तक आणि घरातली भाकरी बरोबर घ्यायचा. गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना भाकरी द्यायची आणि त्यांच्याकडून धडा शिकून घ्यायचा. १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, पण त्या पोरांची नावं दिली नाहीत. गुलामाला वाचायला शिकवणं समाजाच्या लेखी मोठा अपराध होता आणि त्यांना त्रास होऊ नये, असं त्याला वाटलं. पुढे शेतावर राबत असताना त्याने स्वतः आपल्यासारख्या गुलामांसाठी चोरून रविवारची शाळा चालवली. एके काळी तिथे चाळीसच्या वर माणसं शिकत होती.

आता बघा, त्या पोरांनी डग्लसला फक्त ‘या पानावर हे लिहिलंय’ असं सांगितलं असतं तर त्याला ते एकच पान कळलं असतं. त्यांनी वाचायला शिकवलं, म्हणून पुढचं प्रत्येक पान त्याचं झालं.

हा इतिहास आपल्यापासून लांबचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. ज्याने १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, त्याला अमेरिकेतल्या त्या लढ्यात आपल्या कामाचं काहीतरी दिसलं होतं.

माझी आणखी एक गोष्ट सांगतो. इंजिनियरिंगला सबमिशनच्या आदल्या रात्री मी मित्राची फाइल जशीच्या तशी उतरवली. सही मिळाली. तोंडी परीक्षेत सरांनी त्यातल्याच एका ओळीचा अर्थ विचारला आणि मी छताकडे बघत बसलो. मित्राने मदत केली असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

म्हणून ग्रुपसाठी काही गोष्टी सुचवतो. विचारणाऱ्याने आपण काय वाचलं, कुठे अडलो, ते आधी लिहावं. सांगणाऱ्याने कुठून घेतलं ते सांगावं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. अवघड इंग्रजी मजकूर मराठीत समजावणारी दोन मिनिटांची ऑडिओ क्लिप टाकावी, ती तयार उत्तराच्या फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडते. आणि प्रश्नाला कुणी हसायचं नाही, ॲडमिनने तर मुळीच नाही.

त्या मुलीची मी ग्रुपवरच माफी मागितली. आजही तिला विचारूनच हे सांगतोय. गेल्या आठवड्यात तिने पुन्हा प्रश्न टाकला : ‘भाई, तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद का ठेवला? म्हणजे कैद्याकडून सक्तीने काम करून घेता येतं?’

मी लिहिलं, ‘मला माहीत नाही. तुला काय सापडलं ते टाक, मीही शोधतो.’ त्या रात्री सहा जणांनी वाचून काहीतरी लिहिलं. चर्चा अजून चालू आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नंबर देऊन जा.