देवळालीचा ताप



डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणायची जुनी रीत आहे. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून गेला, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. गोऱ्या सोजिरांचा पुरा शब्द होता ‘डूलाली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, ताप! एवढं माहीत असूनही मंडळी विचारतात, ‘देवळालीच्या पाण्यात काही आहे का हो?’ अहो, जिथली हवा मानवते म्हणून लोकांनी आरोग्यभवनं बांधली, त्या गावाला का बोल लावता? ताप गावाचा नव्हता, ताटकळण्याचा होता.

पंचमीला माहेरी निघालेली सासुरवाशीण आठवा. बोचकं बांधून तयार, घरातली कामं जावेकडे सोपवलेली, आणि मुराळी काही येत नाही. ती ना सासरची, ना माहेरची. सोजिराचा मुराळी म्हणजे मुंबईहून सुटणारी आगबोट. बोटी चालायच्या साधारण हिवाळ्याच्या मोसमात, मार्चपर्यंत. ज्याची नोकरीची मुदत त्यानंतर भरली, त्याला पुढच्या मोसमापर्यंत देवळालीच्या छावणीत बसणं आलं. सासुरवाशिणीला निदान पुन्हा चुलीपाशी तरी जाता येतं. याची बंदूकसुद्धा काढून घेतलेली.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायानं हे ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात होता. तो सांगतो, छावणीत काम असं नव्हतंच. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी एखादी लांबची कवायत. वर्षानुवर्षं नेकीनं चाकरी केलेली माणसं तिथे बिघडली, गुन्हे करून बसली आणि घरी जायच्या आधी तुरुंगात गेली. उन्हाला आणि दारूला दोष द्यायचा तर द्या, पण ऊन आणि दारू त्यांना आधीच्या छावणीतही होतीच की! नवं होतं ते रिकामपण. म्हणून पुन्हा सांगतो, ताप ताटकळण्याचा होता.

दुसऱ्या महायुद्धातही तिथे अशीच छावणी होती. पण वेळ थोडा उरलाय, त्यात एकच सांगतो. ही माणसं ज्या घराची वाट बघत होती, त्याला ती ‘ब्लायटी’ म्हणत. तो शब्दही इथलाच, ‘विलायती’वरून घडलेला. स्वतःच्या मायदेशाला नाव द्यायला त्यांनी आपल्याकडचा शब्द उचलला, आणि पहिल्या महायुद्धात तर खंदकातल्या जखमेलासुद्धा, म्हणजे ज्या जखमेमुळे घरी पाठवतील तिला... असो, तो विषय पुढच्या खेपेला.