धुळ्याच्या गल्ल्या

धुळ्यांत पत्ता विचारला, कीं उत्तरांत प्रथम आंकडा येतो: गल्ली नंबर ४, गल्ली नंबर ५. नवख्यास हें रुक्ष वाटतें. पण या सरळ गल्ल्यांचा उगम ऐकण्यासारखा आहे.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें. तेव्हां पांझरा नदी आणि पाट यांच्या बेचक्यांत, बागाइतानें वेढलेलें तें एक लहानसें गांव होतें. ब्रिग्जनें जुन्या धुळ्याशेजारीं रुंद रस्त्यांची नवी वस्ती आंखली. दोरी धरून रस्ता आंखणें सोपें. माणूस वसविणें अवघड. म्हणून घरांसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, बांधकामास आगाऊ रकमा दिल्या. आणि त्या परगांवच्या व्यापाऱ्यांनाच नव्हे, तर जुन्या रहिवाशांनाही! ब्रिग्जच्या रस्त्यांची वाखाणणी पुष्कळ होते. या कलमाची आठवण क्वचितच निघते.

आज त्याच भागांत लाकडी खांबांचे वाडे उतरून सिमेंटच्या इमारती उभ्या राहत आहेत. ओटा जातो, तेथें दुकानाचा गाळा येतो. मालक करारावर सही करतो. मागच्या दोन खोल्यांत पिढ्यानपिढ्या भाड्यानें राहिलेलें कुटुंब मात्र, नव्या इमारतींत आपल्याला जागा आहे काय, एवढेंच विचारीत असतें.