गायरान 'पडीक' ठरवतो कोण?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गायरान कुणाला द्यायचं ठरलं की कागदावर आधी एक शब्द लिहिला जातो: पडीक. साहेब पाहणीला येतो तो वैशाखात. वैशाखात आपली कपाशीची वावरंही पडीकच दिसतात. त्याने श्रावणात यावं. मारवेल, पवन्या, कुसळी गुडघ्याला लागलेली असते, गावच्या शेळ्यामेंढ्या त्यावर जगत असतात, आणि अकोला-वाशीमच्या माळांवर त्याच गवतात तणमोर अंडी घालतो. शेतकी कॉलेजात आम्हाला गवत म्हणजे तण, आणि ते कसं मारायचं, एवढंच शिकवलं. गवताचा हिशेब पुढे गुराख्यांनी शिकवला.

माळ मोडला की त्यावरची जनावरं हवेत विरत नाहीत. रोही, काळवीट कुठे जाणार? आपल्या तुरीत, आपल्या ज्वारीत. मग पंचनामे, भरपाईचे अर्ज आणि रात्रीची जागल. तेव्हा हा प्रश्न शहरातल्या पक्षीप्रेमींवर सोडून चालणार नाही.

सरकारचा न्याय बघा. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात बहुतेक जमीन ज्वारीवाल्या शेतकऱ्यांची. तीन दशकं लोक खरेदी-विक्रीच्या अडचणी सोसत राहिले, तेव्हा कुठे ते १,२२२ वर आलं. तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. म्हणजे पाखराचा भार कोरडवाहू शेतकऱ्याच्या सातबारावर, आणि सरकारच्या नावावरचे माळ मात्र वाटायला मोकळे!

आता विजेचं. दिवसा वीज द्या, ही मागणी आपलीच. ती आम्ही सोडत नाही. पण २०२३ पासून सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ज्या सरकारी जमिनी दिल्या जात आहेत, त्यात गायरानंही आहेत, तीही नाममात्र भाड्याने. याच योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आहे. मग ज्याचं वावर मुरमाड आहे आणि ज्याची राजीखुशी आहे, त्याला ते भाडं मिळू द्या. गायरान स्वस्त पडतं ते त्याच्या गवताची किंमत कुणी धरत नाही म्हणून.

कायदा आपल्या बाजूला अगदीच नाही असं नाही. जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी गावालाच राहिल्या पाहिजेत असं बजावलं. त्याच जुलैत राज्याने गायरान देण्यावर बंधनं घातली. पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आलं: सार्वजनिक कामाला दुसरी सरकारी जमीन नसेल तरच गायरान, आणि प्रकल्पवाल्याने घेतलं तर त्याने बदली जमीन द्यायची. (या निकालाचा दांडका भूमिहीनाने पोटासाठी कसलेल्या दोन एकरांवर चालवायला निघतात, त्यांच्या बाजूला आम्ही नाही.)

खरी मेख बदली जमिनीत आहे. रेडीरेकनरने किंमत जुळली, पण मिळाला टेकडीवरचा खडक, तर काय बदललं? गुरांचा पाणवठा तिथे आहे का? पाणंद पोचते का? काळवीट तिथे चरेल का? 'वनीकरण' म्हणून माळावर खड्डे खणून दाट झाडं लावली, तर तणमोर तिथे फिरकत नाही. आणि माणसाचं काय? २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शंकरपटाचा कायदा वैध ठरवला. बैल आहेत, परवानगी मिळते. पण पट भरवायचा कुठे, जत्रा उतरायची कुठे, पोरांनी कबड्डी खेळायची कुठे? मूल्यांकनाच्या तक्त्यात याला रकानाच नाही.

तो रकाना आपण भरू. १५ ऑगस्टची ग्रामसभा बहुधा श्रावणातच येते. त्याआधी गुराखी, मेंढपाळ आणि दोन शाळकरी पोरं घेऊन गायरानाला फेरी मारा. गवत किती, किती गुरं चरतात, पाणी कुठे, कोणती जनावरं आणि पाखरं दिसली, पट कुठे भरतो, सगळं लिहा, गावनकाशावर खुणा करा. तो कागद ठरावाला जोडा आणि पोच घेऊन तहसीलदाराकडे द्या.