सीमा ओलांडणारे मार्ग आणि त्यांचा खर्च

दोन राज्यांना जोडणारा मार्ग बांधावयाचा म्हटले की तीन प्रश्न एकदम उभे राहतात. खर्च कोणी करावा? जोखीम कोणी पत्करावी? आणि लाभ कोणाच्या पदरी पडावा?

या प्रदेशास हे प्रश्न नवे नाहीत. मुंबईहून निघालेला ब्रॉडगेज लोहमार्ग 1867 साली नागपुरास पोहोचला. तेथून राजनांदगावपर्यंतचा मार्ग 1882 साली पुरा झाला, तो मात्र मीटरगेज. खैरागड व नांदगाव या संस्थानांच्या हद्दींत तो सहज शिरला. परंतु नागपुरास रुळांचे माप बदलत असल्याने छत्तीसगडचे धान्य एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावे लागे. बांधकामात वाचविलेला पैसा असा हमालीत आणि विलंबात जाई. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग विकत घेऊन ब्रॉडगेज केला आणि 1891 साली आसनसोलपर्यंत मालवाहतूक सुरू झाली. भागधारकांच्या व्याजास सरकारची हमी होती. अर्थात तूट आल्यास ती रयतेच्या करांतूनच भरून निघावयाची.

आज आपण जेथे जमलो आहोत, त्या नवा रायपूरजवळील अभनपूरहून विशाखापट्टणमकडे जाणारा सुमारे 464 किलोमीटरचा सहापदरी महामार्ग आखला आहे. तो छत्तीसगड, ओडिशा व आंध्र प्रदेश या तीन राज्यांतून जातो. त्याचे अनेक टप्पे ज्या पद्धतीने बांधावयास दिले, तीत बांधकाम चालू असताना सरकार 40 टक्के रक्कम देते. उरलेली कंत्राटदार उभारतो आणि सरकार ती पुढे 15 वर्षे हप्त्यांनी फेडते. रीत बदलली, तरी अखेरचा देणेकरी सामान्य नागरिकच राहिला.

त्या नागरिकांतही शेतकऱ्याचा वाटा सर्वांत आधी जातो, कारण भूमी त्याची असते. अभनपूर भागातील भूसंपादनाच्या मोबदल्यात गैरव्यवहार झाल्याचे आरोप झाले आणि 2025 साली राज्य सरकारने त्यांचा तपास आर्थिक गुन्हे अन्वेषण शाखेकडे सोपविला. खोट्या नावावर गेलेला प्रत्येक रुपया त्या मार्गाच्या भांडवलातूनच गळतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच : अशा मार्गाच्या जमाखर्चात बंदर व कारखाना यांच्या बरोबरीने मधल्या गावाचे पान असावे, आणि मोबदल्याची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी.